शनिवारचं दूध

पनवेलच्या इस्रायल आळीत मिल्काच्या तोंडाला सगळेच वचकून असत, आणि ते तोंड गंजू नये म्हणून की काय, देवाने तिच्या परसापलीकडे चंद्रावतीचं घर आणून ठेवलं होतं. चंद्रावती आगरी, नवरा शिवा मिठागरावर. दोघींच्या मध्ये एक शेवगा आणि एक मोडका कूड. त्या कुडावरून जितकी भांडणं झाली तितक्याच आमटीच्या वाट्याही इकडून तिकडे गेल्या, त्यामुळे हिशेब बरोबरीतच राहिला होता.

शनिवारी मात्र भांडण नसे. मिल्काचे सासरे झकेरिया म्हणजे जुने शनवार तेली, शनिवारी घाणा न जुंपणारे ज्यू. घाणा बंद पडून काळ लोटला होता, घाण्याचा बैल मरून गेला होता, म्हाताऱ्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, तरी शब्बाथ म्हणजे शब्बाथ. शुक्रवारी सांजेला मिल्काने दिवा लावला की दुसऱ्या दिवशी चांदण्या दिसेपर्यंत त्या घरात काडी ओढायची नाही, चूल पेटवायची नाही आणि गाईचं दूधही काढायचं नाही. मग गाय कासेच्या भाराने हंबरली तर काय करायचं? त्यावर तोड निघालेली होती. शनिवारी सकाळी चंद्रावती चरवी घेऊन येई, चुलीत जाळ घालून म्हाताऱ्याला चहा करून देई, मग गोठ्यात जाऊन तांबूचं दूध काढी आणि ते आपल्या घरी घेऊन जाई. शनिवारचं दूध चंद्रावतीचं. मिल्का लग्न होऊन आली त्याच्या आधीपासून हे असंच चालत आलं होतं, आणि ज्याला कोणी कधी विरोध करत नाही त्याचा विचारही कोणी करत नाही.

तांबू ही मिल्काची गाय. शिरढोणहून एका कुळंब्याने पाडसाएवढी असताना आणून दिली होती, ती मिल्काने वाढवली. गेल्या वेताला तिचं वासरू मेलं आणि वासरू समोर नाही म्हटल्यावर ती पान्हा सोडीना. महिन्याभरात आटली. तेव्हाच झकेरियाने सांगून टाकलं होतं, "या खेपेलाही तसंच झालं तर गाय ठेवायची नाही. राफेलचं तिकडे जायचं घाटतंय, भाकड जनावर कोणाच्या गळ्यात बांधणार आहेस?" राफेल म्हणजे मिल्काचा नवरा. तो मुंबईला वर्कशॉपात होता, पंधरा दिवसांनी घरी येई आणि आला की इस्रायलचं बोले. आळीतली दोन घरं गेलीच होती. भाकड गाईला गिऱ्हाईक कोण असतं हे मिल्काला ठाऊक होतं, म्हाताऱ्यालाही ठाऊक होतं. ते नाव दोघांपैकी कोणी घेतलं नाही एवढंच.

आणि तांबू व्याली ती नेमकी शुक्रवारी, दिवा लावून झाल्यावर. दिवस भरायच्या आधीच व्याली. चंद्रावती कूड ओलांडून धावत आली, तिनेच ओढून वासरू बाहेर काढलं. कालवड होती. मांजराएवढं तोंड, अंगावर केसही धड नाहीत, पाय काड्यांसारखे. मिल्काने गोणपाटाने ती घासघासून पुसली, नाकातोंडातला चिकटा काढला, पेंढ्यात गुंडाळून ठेवली. कालवडीने एकदा मान उचलली आणि टाकून दिली.

"हे काय जगायचं नाय, मिल्काबाय," चंद्रावती हात धूत म्हणाली.

"तुझी जीभ आधी आवर."

"मी खरं ते बोलते. सात वेतं काडली मी माज्या हातानं."

मिल्काने तिच्याकडे लक्ष दिलं नाही. कालवडीला उभं राहता येत नव्हतं, चोखायचंही समजत नव्हतं. पण सकाळी चंद्रावती येईल, चीक काढेल, तो बोंडल्याने पाजायचा, पोटात चीक गेला की अंगात ऊब येईल. लेक फ्लोरा तान्ही असताना तिला ज्या पितळी बोंडल्याने पाजलं होतं ते तिने फडताळातून शोधून काढलं आणि गोठ्याच्या दाराशी, चंद्रावतीच्या अगदी पायात येईल असं ठेवलं. तोंडाने सांगायची तिला गरज वाटली नाही. बाई गुरात जन्मलेली, तिला काय सांगायचं?

सकाळी झकेरियाला मशिदीत न्यायचं होतं. सिनेगॉगला सगळं पनवेल मशीदच म्हणे, आळीतली माणसंही तेच म्हणत. डोळ्यांमुळे म्हाताऱ्याला हात धरून न्यावं लागे. त्यात त्या दिवशी आणखी एक कुटुंब देश सोडून निघालेलं, त्यांच्यासाठी प्रार्थना होती. "आज मी नाही येत," मिल्का म्हणाली. "मग मला ओढ्यात नेऊन ढकल," म्हातारा म्हणाला. ती गेली. बायकांत बसली, सगळ्यांबरोबर उठली, सगळ्यांबरोबर आमेन म्हणाली आणि तिचा सगळा जीव गोठ्यात होता.

परत आली ती थेट गोठ्यात शिरली. तांबूची कास रिकामी झाली होती. कालवड कुशीवर पडली होती, जीभ जरा बाहेर, तोंडात बोट घातलं तर आतून गार. दाराशी बोंडलं जसंच्या तसं. कोरडं. त्यावर एक माशी बसली होती.

मिल्काने बोंडलं उचललं आणि ती कुडातून तशीच पलीकडे गेली.

चंद्रावतीच्या चुलीवर मोठं पातेलं होतं, त्यावर झाकण, झाकणावर पाटा. वाफेला वेलचीचा आणि गुळाचा वास येत होता. विचुंब्याला दिलेल्या लेकीच्या सासरची माणसं दुपारी जेवायला यायची होती, हे मिल्काने चार दिवसांपासून ऐकलं होतं. ते आणि चीक यांचा संबंध तिच्या डोक्यात आत्ता लागला, आणि लागला तसा तिच्या डोक्यात जाळ झाला.

"चीक कुठाय?"

"शिजतोय. तुज्यासाठी वाटी काडून ठेवीन."

"वाटी? सगळा काढलास?"

"शनवारचा हाय. शनवारचं माजं आसतंय."

"वासराला एक घोट ठेवला नाहीस! हे बोंडलं दिसलं नाही तुला? तुझ्या पायात ठेवलं होतं मी, पायात!"

"दिसलं. मी म्हनलं पोरीचं काय तरी इसरलं आसल." मग चंद्रावतीचाही आवाज चढला. "आन् मरनाऱ्या वासराला पाजून काय करायचं होतं? घोटभर चीक मातीत घालायचा? व्याही येतात माजे. त्यांच्या फुडं काय कोरडं ताट ठेवू?"

"व्याह्यांच्या घशात अडकेल तो! गाईला आई म्हणता ना तुम्ही? पाया पडता, शेपटीला हात लावून डोळ्यांना लावता. आणि तिच्या पोराच्या तोंडचं काढून वर गूळ-वेलची घालून खाता. लाज नाही वाटत?"

चंद्रावती उठून उभी राहिली. हातात पळी होती ती तिने खाली ठेवली नाही. "आमी आई म्हनतो. आन् तुजा देव काय म्हनतो, मिल्काबाय? वासरू डोळ्यांम्होरं मरत पडलं तरी सडाला हात लावायचा नाय? मी काडला तर माजं पाप. तू काडला नाय, त्याचं काय?"

उत्तर नसलं की माणसाला दुप्पट राग येतो, तिला चौपट आला. "पुन्हा माझ्या गोठ्यात पाऊल टाकलंस तर तंगडी मोडीन," ती म्हणाली.

"नाय टाकीत. जा. मशिदीत जाऊन बस."

घरी येताना ती चंद्रावतीवर चिडली होती, त्या व्याह्यांवर चिडली होती, मुंबईला बसलेल्या राफेलवर चिडली होती, आणि सकाळी मुकाट्याने आमेन म्हणत बसलेल्या स्वतःवर सगळ्यात जास्त. झकेरिया ओट्यावर टेकून बसला होता, अंगावर शब्बाथचे पांढरे कपडे.

"बाबा, मी दूध काढणार."

"नाही."

"चंद्राबायने सगळा चीक नेला. वासरू मरतंय."

"चांदण्या दिसल्या की काढ."

"तोवर ते राहणार नाही."

"तोराच्या पोथीत लिहिलंय, शब्बाथ जनावरालाही आहे. त्यालाही विश्रांती आहे."

"घेतंयच की ते विश्रांती! कायमची घेतंय!"

म्हातारा वरमला नाही. बाह्या वर सारत म्हणाला, "वासरू आपल्या तोंडाने प्यायलं तर त्याला कोणी अडवलंय?"

"त्याला उभं राहता येत नाही."

"मग उभं कर." आणि हात पुढे करून भिंत चाचपत तो स्वतःच गोठ्याकडे निघाला.

झकपक कपड्यांनिशी झकेरिया शेणात गुडघे टेकून बसला. त्याने कालवडीची मागची बाजू दोन्ही हातांनी तोलून धरली, मिल्काने छातीखाली हात घालून पुढची. कालवड दोघांच्या मध्ये ओल्या कपड्यासारखी लोंबत होती. तांबूने वळून तिला हुंगलं आणि चाटायला सुरुवात केली. गाय लबाड जात, माणसाच्या हाताला सगळं कधी देत नाही. वासराची जीभ-नाक अंगाला लागल्यावर तिने राखून ठेवलेलं थोडं खाली सोडलं, सड भरले. मिल्काने बोट कालवडीच्या तोंडात घातलं, टाळूला लावलं, हळूच काढून तिथे सड दिला. कालवडीला काही कळेना. सड ओठांवरून घसरला. पुन्हा दिला, पुन्हा घसरला.

"पितंय का?" झकेरियाने विचारलं. त्याला दिसत नव्हतं.

मिल्काने सड मुठीत धरला आणि पिळला. पिवळी दाट धार कालवडीच्या जिभेवर पडली. गळा हलला. तिने पुन्हा पिळला.

धारेचा आवाज ज्याने आयुष्यभर ऐकलाय त्याला डोळे लागत नाहीत. "मिल्का," म्हातारा म्हणाला, "तू काढतेस?"

"ती पितेय."

"मी विचारलं, तू काढतेस का?"

"हो, काढतेय!" मिल्का इतक्या जोरात ओरडली की तांबू बिचकली. "दोन्ही हातांनी काढतेय. लिहून घेऊ दे तुमच्या देवाला. आणि त्याला सांगा, माझं नाव नीट लिही म्हणावं!"

गोठ्यात नुसता कालवडीच्या घशाचा घुटकघुटक आवाज राहिला. झकेरियाचे ओठ हलत होते, प्रार्थना म्हणत होता की सुनेला शिव्या देत होता कोण जाणे. पण त्याने कालवड सोडली नाही. पाठीला रग लागली तरी सोडली नाही.

त्या संध्याकाळी चांदण्या दिसायची मिल्काने वाट पाहिली ती केवळ चूल पेटवण्यासाठी. मग विटा तापवून गोणपाटात गुंडाळल्या, कालवडीच्या पोटाशी लावल्या, बोंडलं कोमट दुधाने भरलं.

वासरं मायेने जगतात म्हणतात. ही कालवड रागावर जगली. रोज पहाटे, दुपारी, सांजेला मिल्का तिला मांडीवर घेऊन बोंडल्याने पाजे, आणि पाजताना चंद्रावतीचा उद्धार चालू असे. "पी. मरतेस काय! तिला दाखवायचंय. मेलीस तर ती म्हणेल मी सांगितलंच होतं. पी म्हणते ना!" कालवड पीत असे. हगवण लागली तेव्हा मिल्काने डाळिंबाची साल उगाळून चाटवली, पाय मुडपत होते तर त्यांना तेल चोळलं, आणि एक दिवस कालवड आपली आपण उठून, चारही पाय चार दिशांना फाकवून, थरथरत आईच्या कासेशी जाऊन पोचली. त्या दिवशी मिल्काला पहिल्यांदा रडू आलं. ते तिने कुडापलीकडे ऐकू जाऊ दिलं नाही.

त्याआधी एक शनिवार मात्र येऊन गेला होता. भांडणानंतरचा पहिलाच. चंद्रावती चरवी घेऊन आली. मनातून शरमली असावी, पण शरम दाखवायची तिच्या घराण्यात पद्धत नव्हती. "आज शनवार," ती कुडाशी उभी राहून म्हणाली. "गाय हंबरतेय."

"हंबरू दे."

"कास फुटंल तिची."

मिल्काने कालवड उचलून कासेला लावली, तोंडात सड दिला. यावेळी कालवडीने तो स्वतः धरला. "आजपासून शनिवारचं दूध वासराचं," मिल्का म्हणाली. "समजलं? आता तुझी गरज नाही आम्हाला."

"आन् बाबांच्या चाला जाळ कोन घालंल?"

"बाबा थंड पाणी पितील."

चंद्रावती रिकामी चरवी घेऊन परत गेली. त्याच आठवड्यात शिवाने कुडाला बाभळीचे काटे घातले, म्हणजे कोणी घालायला लावले हे आळीला कळलं. झकेरियाचा शनिवारचा चहा सुटला. तो कुरकुरला, पण मिल्कासमोर नाही. त्या दोन घरांमधून आमटीची वाटीही गेली नाही, भांडणही गेलं नाही. भांडणाची सवय असलेल्या बाईला गप्प बसणं फार जड जातं, आणि त्याचाही राग मिल्का चंद्रावतीवरच काढी.

कालवड तांबूसारखीच तांबडी निघाली. कपाळावर पांढरा टिळा. तिला शिंगांची बोंडं फुटायच्या बेताला राफेल मुंबईहून कागद घेऊन आला. परवानगी मिळाली होती. मिल्का आठ दिवस घरात भांडी आदळत होती. ज्यासाठी तिने देवाशी तोंड वाजवलं ते वासरू जगलं होतं, आणि आता तेच टाकून जायचं होतं. राग कोणावर काढावा हेच तिला सुचेना.

बाजारातला एक गवळी गाय बघायला आला. त्याने कासेला हात घातला, तांबूने लाथ घातली. दुसऱ्या गवळ्याला तिने एक थेंब सोडला नाही. "तिला दोनच हात माहीत आहेत," झकेरिया ओट्यावरून म्हणाला. "एक तुझा. दुसरा कोणाचा ते मी सांगायला नको."

"मी मेले तरी तिच्या दाराशी जाणार नाही," मिल्का म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तांबूचं दावं एका हातात, कालवडीचं दुसऱ्या हातात धरून, काट्यांना वळसा घालून रस्त्याने चंद्रावतीच्या अंगणात गेली. गाय तिने आंब्याला बांधली.

चंद्रावती सूप घेऊन बाहेर आली. "ह्ये काय?"

"गाय आहे. दिसत नाही?"

"मी मागितली?"

"मी विकायला आणलीय का? ठेव. रोज पेंड देत जा. कालवडीला उसाची वाढं आवडतात." मिल्काने दाव्याला आणखी एक गाठ मारली. आधीच्या गाठी पुरेशा होत्या. "आणि शनिवारी काढायचं नाही. शनिवारचं दूध वासराचं."

"वा गं! मी काय शनवार तेलीन हाय? माज्या दारात बांदलेली गाय, मी रोज काडीन. तू कोन सांगनार?"

"नाही म्हणजे नाही काढायचं!"

"काडीन! सातीच्या साती दिवस काडीन!"

मिल्का मागे वळून न बघता निघाली. तांबू हंबरली तरी वळली नाही. हिला देण्यापेक्षा खाडीत सोडली असती तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं आणि बांधाबांध करताना दिवसभर वाटत राहिलं.

निघायच्या आधीचा शेवटचा शनिवार. मशिदीतून सासऱ्याचा हात धरून परत येताना मिल्का नेहमीच्या वाटेने आली नाही. चंद्रावतीच्या परसामागून आली.

काट्यांच्या फटीतून अंगण दिसत होतं. कालवड आईच्या कासेला ढुशा देत होती, दोन्ही गालफडांवर फेस आला होता. चरवी कुडाच्या खुंटावर पालथी घातलेली. चंद्रावती गाईकडे पाठ करून तांदूळ निवडत बसली होती.

घरातून शिवाचा आवाज आला, "आगो, दूद काडलंस का? चा ठेवायचा हाय."

"आज शनवार हाय."

"मंग?"

"मंग काय मंग? आपल्यात शनवारी दूद काडीत नाय. कोरा पी!"

एवढं बोलून तिने मान वर केली आणि काट्यांपलीकडची मिल्का तिला दिसली. चंद्रावतीचं तोंड लाल झालं होतं.

"काय बगतेस?" ती खेकसली. "शनवारच्या मोडक्या रीती आमच्या गळ्यात बांदून चालली. जा! तुजी बोट चुकंल!"

झकेरियाने मान वळवून कान दिला. "काय म्हणतेय ती?"

"शिव्या देतेय, बाबा," मिल्का म्हणाली, आणि तिने म्हाताऱ्याचा हात इतका घट्ट धरला की तो ओरडला.